कलामसाहेबांचा फोटो आणि रॉकेटचे इंजिन

दरवर्षी 15 ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. उर्दू माध्यमाच्या शाळांत त्या दिवशी उत्साह जरा जास्तच असतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा फोटो टेबलावर मांडला जातो, मुले पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवतात आणि बहुतेक भाषणांत एक वाक्य हमखास येते, की कलामसाहेबांनी देशाला रॉकेट बनवून दिले. मग प्रमुख पाहुणे उठतात. ते कलामसाहेबांपासून सुरुवात करून टिपू सुलतानाच्या अग्निबाणांपर्यंत जातात, आपली कौम कुणापेक्षा कमी नाही असे सांगतात, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम संपतो.

दोन्ही नावांबद्दल मला आदर आहे. कलामसाहेबांचा फोटो माझ्याही वर्गात आहे. तक्रार एवढीच, की या सगळ्यात रॉकेटचे इंजिन कुठेच येत नाही. ते कसे चालते, बनवायला किती वर्षे लागतात, बनवणारी माणसे दिवसभर नेमके काय करतात, हे त्या मुलाला कुणी सांगत नाही. त्याच्या हाती एक फोटो आणि थोडा अभिमान देऊन आपण मोकळे होतो.

आधी कलामसाहेबांचेच काम पाहू. ते एसएलव्ही-3 या भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाचे प्रकल्प संचालक होते. 10 ऑगस्ट 1979 रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह अडकला होता आणि तिथून आम्ल गळून गेले होते. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. 18 जुलै 1980 रोजी यश मिळाले तेव्हा मात्र धवन यांनी कलामांना पुढे केले. ही गोष्ट नेतृत्वावरच्या प्रत्येक व्याख्यानात सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण मला त्यात नेहमी एक जागा रिकामी दिसते. मधल्या अकरा महिन्यांत त्या व्हॉल्व्हच्या मागे कोण लागले होते? कुणी तो उघडला, तपासला, पुन्हा जोडला? 'अग्निपंख' वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की खुद्द कलामसाहेब पानोपानी सहकाऱ्यांची नावे घेतात. ती नावे गाळून आपणच त्यांना एकटे करून टाकले आहे.

शिवाय एसएलव्ही-3 चे चारही टप्पे घन इंधनाचे होते. घन इंधनाचे रॉकेट म्हणजे ढोबळमानाने दिवाळीतला बाण. एकदा पेटला की पेटला, मध्ये थांबवता येत नाही. द्रव इंधनाचे इंजिन ही वेगळीच चीज आहे. एका टाकीत इंधन, दुसऱ्या टाकीत ते जाळणारा द्रव. दोन्ही प्रचंड दाबाने एका छोट्या कोठडीत ढकलायचे, तिथे ज्वाळा पेटवायची आणि तयार झालेला वायू खालच्या तोंडातून बाहेर फेकायचा. सांगायला चार ओळी पुरतात. भारताला त्यासाठी वीस वर्षे लागली.

1974 मध्ये इस्रोने फ्रान्सच्या एसईपी या कंपनीशी करार केला. ही कंपनी युरोपच्या एरियान रॉकेटसाठी व्हायकिंग नावाचे इंजिन विकसित करत होती. व्यवहार मोठा मजेशीर होता. भारताने रोख पैसे द्यायचे नव्हते. त्याऐवजी भारतीय अभियंत्यांनी तिकडे जाऊन सुमारे शंभर मनुष्यवर्षे काम करायचे, शिवाय भारताने दाब मोजणारी उपकरणे पुरवायची, आणि बदल्यात इंजिनाचे तंत्रज्ञान शिकायचे. आपल्या बुजुर्गांच्या काळात पोरगा उस्तादाकडे राहायचा, पाणी भरायचा, झाडलोट करायचा आणि बघता बघता हुनर शिकायचा. हा तसाच सौदा होता, फक्त दोन देशांमधला. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांची तुकडी फ्रान्समधल्या व्हर्नोन या गावी गेली.

नकाशे हातात आले म्हणजे इंजिन आले असे नसते. 23 मे 1980 रोजी एरियानचे दुसरेच उड्डाण फसले. पहिल्या टप्प्यातल्या चार व्हायकिंग इंजिनांपैकी एकात ज्वलन अस्थिर झाले होते. म्हणजे उस्तादालाही सगळे कळले नव्हते. ज्वलन अस्थिर होणे हा या धंद्यातला जुना शत्रू आहे. कोठडीतली ज्वाळा शांतपणे जळायच्या ऐवजी गरगरू लागते, दाबाच्या लाटा भिंतीवर आपटतात आणि सेकंदभरात लोखंडाचे तुकडे होतात. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटच्या एफ-1 इंजिनाला हाच आजार होता. एकेक इंजिन सुमारे 680 टन जोर देणारे. जून 1962 मध्ये चाचणीच्या वेळी एक इंजिन असेच उद्ध्वस्त झाले. मग अमेरिकन अभियंत्यांनी काय करावे? त्यांनी चालू इंजिनाच्या कोठडीत मुद्दाम छोटे बॉम्ब फोडायला सुरुवात केली. ज्वाळा विस्कटायची आणि ती किती वेळात पुन्हा शांत होते ते मोजायचे. इंधन फवारणाऱ्या तबकडीवर आडभिंती बसवायच्या, भोकांचे कोन बदलायचे, पुन्हा बॉम्ब फोडायचा. पूर्ण आकाराच्या इंजिनाच्या सुमारे 2,000 चाचण्या झाल्या. शेवटी ज्वाळा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत स्वतःहून सावरू लागली, तेव्हा कुठे काम संपले. सगळे कारण गणिताने पुरते उलगडले नव्हते, तरी इंजिन विश्वासाचे झाले होते.

उर्दू शिकवताना मला एका शब्दाचे नेहमी अप्रूप वाटते, 'तजुर्बा'. मराठीत अनुभव वेगळा आणि प्रयोग वेगळा. उर्दूत दोन्हीला एकच शब्द. आयुष्याचा तोही तजुर्बा आणि प्रयोगशाळेतला तोही तजुर्बा; प्रयोगशाळेला तर 'तजुर्बागाह' म्हणतात. इंजिनवाल्यांचे सारे आयुष्य या एका शब्दात बसते. पण आपल्या घरांत तो शब्द फक्त वडीलधाऱ्यांच्या वाट्याला आला आहे. 'हमारा तजुर्बा है' म्हटले की पोराने गप्प बसायचे. प्रयोगाचा अर्थ कुठे गेला?

तर व्हायकिंगच्या नकाशांवरून भारतात इंजिन घडवले गेले. त्याला नाव दिले विकास. विक्रम अंबालाल साराभाई यांच्या नावातली ती अक्षरे. 1985 मध्ये त्याची चाचणी व्हर्नोनलाच झाली आणि ती यशस्वी ठरली. पुढे तमिळनाडूत महेंद्रगिरीला आपले स्वतःचे चाचणी केंद्र उभे राहिले. सप्टेंबर 1993 मध्ये विकास इंजिन घेऊन पीएसएलव्ही पहिल्यांदा उडाले. इंजिनाने आपले काम केले, पण रॉकेटचा तोल दुसऱ्याच कारणाने गेला. पुढच्या वर्षी पीएसएलव्हीने उपग्रह कक्षेत पोहोचवला. तारीख होती 15 ऑक्टोबर 1994. आपण ज्या दिवशी फोटो मांडतो तोच दिवस. आमच्या एकाही कार्यक्रमात मी या योगायोगाचा उल्लेख ऐकलेला नाही.

त्यानंतर दीड महिन्याने, 30 नोव्हेंबर 1994 रोजी, नंबी नारायणन यांना केरळ पोलिसांनी अटक केली. आरोप होता रॉकेटच्या इंजिनाची गुपिते विकल्याचा. त्या वेळी त्यांच्याकडे क्रायोजेनिक इंजिनाचे काम होते. या गुन्ह्याची सुरुवात मालदीवच्या एका बाईच्या अटकेपासून झाली होती, पुढे तिच्याच देशाची दुसरी बाई त्यात गोवली गेली. वर्तमानपत्रांनी त्या दोघींच्या जोरावर चवदार कादंबऱ्या छापल्या. 1996 मध्ये सीबीआयने सांगितले, की आरोप खोटे आहेत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नारायणन यांना 50 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, 2019 मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्यावर सिनेमाही आला. मालदीवच्या त्या दोन मुस्लिम स्त्रिया मात्र काही वर्षे तुरुंगात काढून परत गेल्या आणि आपल्या आठवणीतूनही गेल्या. त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मागायलाही कुणी नव्हते.

हे मी मुद्दाम सांगते आहे. मालेगावच्या 2006 च्या स्फोटांच्या खटल्यात अडकलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने 2016 मध्ये आरोपमुक्त केले. मधली दहा वर्षे कशी जातात हे आपल्या वस्त्यांना सांगावे लागत नाही. आधी मोठा मथळा, मग बारीक बातमी. नारायणन हे हिंदू, तमिळ, सरकारी संस्थेतले ज्येष्ठ वैज्ञानिक. तरी संशयाच्या चक्रातून सुटायला त्यांना 24 वर्षे लागली. त्यात एका माणसाचे नुकसान तर झालेच, पण ज्या टेबलावर इंजिन घडायचे ते टेबलही रिकामे झाले. इंजिन विश्वासावर चालते. पाच विभागांतली माणसे एकमेकांच्या आकड्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवतात, तेव्हा ते पेटते. संशय घेणारे आणि मथळे छापणारे याचा हिशेब कधी देत नाहीत.

क्रायोजेनिक इंजिन म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे त्या टेबलाचे मोल कळेल. यात द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन वापरतात. ऑक्सिजन उणे 183 अंश सेल्सिअसला, हायड्रोजन उणे 253 अंशाला. हा हायड्रोजन इतका हलका, की एक लिटरचे वजन भरते जेमतेम 71 ग्रॅम. तो ढकलणारा पंप मिनिटाला 40,000 हून अधिक फेरे घेतो. पंपाची एक बाजू अतिथंड, दुसरी बाजू गरम वायूने फिरणारी, आणि मध्ये हातभर अंतर. कोठडीत ज्वाळा 3,000 अंशांच्या वर. मग कोठडी वितळत का नाही? तिच्या भिंतीत बारीक नाल्या कोरलेल्या असतात आणि जळायला निघालेला हायड्रोजन आधी त्या नाल्यांतून फिरून भिंत थंड करतो. मला ही युक्ती विलक्षण आवडते. ज्याला जाळायचे त्यालाच आधी पंखा घालायला लावले आहे.

हे इंजिन भारत रशियाकडून घेणार होता, तंत्रज्ञानासह. 1992 मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि 1993 मध्ये रशियाने माघार घेतली. तयार इंजिने देऊ, विद्या देणार नाही, असे ठरले. 1994 मध्ये भारताने स्वतःचा प्रकल्प हाती घेतला. आणि मग 15 एप्रिल 2010 उजाडला. भारतीय क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही उडाले. इंजिन पेटल्याची चिन्हे दिसली, पण हायड्रोजनचा एक छोटा पंप काही क्षणांतच थांबला. सोळा वर्षांचे काम समुद्रात गेले.

पुढचे साडेतीन वर्षांचे काम टीव्हीवर दिसले नाही. वरती हवा नसते, तिथे इंजिन कसे पेटते हे जमिनीवर तपासायचे म्हणून महेंद्रगिरीला निर्वात परिस्थितीची चाचणी सुविधा वापरात आली. पंपाची रचना बदलली. ऑगस्ट 2013 मध्ये उड्डाणाला तासाभराहून थोडा अधिक वेळ उरला असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनाची गळती दिसली. उलटगणती थांबवली, रॉकेट परत नेले, टाकी बदलली. 5 जानेवारी 2014 रोजी ते इंजिन अंतराळात ठरल्याप्रमाणे चालले. 1974 चा करार आणि 2014 चे हे उड्डाण यांत 40 वर्षांचे अंतर आहे. आणि विद्या एकदा आली की कायमची आली असेही नाही. ऑगस्ट 2021 मध्ये पुन्हा एक जीएसएलव्ही पडले. कारण काय? हायड्रोजनच्या टाकीवरचा एक व्हॉल्व्ह गळत होता, टाकीत पुरेसा दाब राहिला नाही. 1979 लाही व्हॉल्व्हच होता.

आता टिपू सुलतानाकडे येते. मैसूरच्या अग्निबाणांचा इतिहास खरा आहे आणि अभिमानाचाही. बांबू-कागदाच्या ऐवजी लोखंडी नळी वापरल्याने आत जास्त दाब धरता येत होता, त्यामुळे बाण दूर जात होते. अमेरिकेत वॉलॉप्स इथल्या नासाच्या केंद्रात कलामसाहेबांना टिपूच्या फौजेचे चित्र भिंतीवर दिसले, ही आठवण त्यांनी स्वतः लिहिली आहे. आपल्या तकरीरी इथे थांबतात. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले, बाण इंग्लंडला वूलिचच्या शस्त्रागारात गेले आणि विल्यम काँग्रीव्हने पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यावर प्रयोग करून स्वतःचे रॉकेट तयार केले. 1807 मध्ये ते कोपनहेगनवर सोडले गेले. इंग्रजांनी चोरले असे म्हणून आपण राग काढतो. राग बरोबरच आहे. पण तिथे त्यांनी बाण उघडून मोजला, दारूचे प्रमाण बदलून पाहिले, किती लांब गेला ते लिहून ठेवले, हेही मुलांना सांगायला हवे की नको? ज्या लोहारांनी मैसूरमध्ये ती नळी पहिल्यांदा ठोकली त्यांचा तर आपण उल्लेखही करत नाही. आपल्याला सुलतान हवा असतो, लोहार नको.

खरे सांगायचे तर कलामसाहेबांचा फोटोही आपण दोन कारणांनी लावतो. एक प्रेमाने. दुसरे, दाखला म्हणून. बघा, आम्हीही देशाचेच आहोत. हा दाखला मागणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो रोज खिशात घेऊन फिरणाऱ्यांची कीव येते. नववीतल्या मुलाला असा दाखला कशाला हवा? त्याला टर्बाइन कसे फिरते ते हवे आहे.

आणि ते समजायला इंग्रजी माध्यम लागते, हा आपल्या पालकांनी करून घेतलेला आणखी एक गैरसमज. इस्रोचे सध्याचे अध्यक्ष व्ही. नारायणन हे मूळचे क्रायोजेनिक इंजिनाचेच माणूस. त्यांचे शालेय शिक्षण तमिळ माध्यमात झाले, मग त्यांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, 1984 मध्ये इस्रोत आले आणि आयआयटी खरगपूरला क्रायोजेनिकचे उच्च शिक्षण पुढे नोकरीत असताना घेतले. त्यांच्या आधीचे एक अध्यक्ष के. सिवन तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेतले. कलामसाहेबही रामेश्वरमच्या तमिळ शाळेत शिकले. इंग्रजी पुढे सगळ्यांनाच लागली आणि सगळ्यांनी ती शिकून घेतली. पण दाब म्हणजे काय, उष्णता कुठून कुठे जाते, हे त्यांना आधी घरच्या भाषेत कळले होते. उर्दू आणि मराठी शाळा ओस पाडून मुलांना गल्लीतल्या कुठल्याही इंग्लिश स्कूलात घालणाऱ्या अम्मी-अब्बांनी यावर एकदा बसून विचार करावा.

दुसरी गोष्ट हुनराची. विकास इंजिन आणि क्रायोजेनिक इंजिनाचे भाग मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडतात. मोठ्या घन इंधन बूस्टरची आवरणे पुणे जिल्ह्यात वालचंदनगरला बनतात. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 घेऊन जे रॉकेट उडाले, त्यात दोन विकास इंजिने होती. म्हणजे चंद्राचा एक रस्ता विक्रोळीवरून जातो. तिथे पीएचडीवाले कमी आणि वेल्डर, फिटर, टर्नर जास्त लागतात. इस्रोच्या केंद्रांतही आयटीआय झालेल्यांसाठी टेक्निशियनच्या आणि डिप्लोमावाल्यांसाठी टेक्निकल असिस्टंटच्या जागा निघतात. आपल्या मोहल्ल्यांत गॅरेजमध्ये, लेथवर, लूमच्या खडखडाटात वाढलेली मुले आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखतात. या हाताला आपण 'पढाई में कमजोर' म्हणतो. त्याच हाताला मोजमाप आणि नोंद शिकवली तर काय होईल, याचा विचार आपल्या शिक्षण संस्था करत नाहीत. त्यांना दरवर्षी डॉक्टरांचा सत्कार करायचा असतो.

म्हणून येत्या 15 ऑक्टोबरला माझ्या सहकारी शिक्षकांनी एक करून पाहावे. भाषणे दोनच ठेवा. उरलेल्या वेळात कुकरची शिट्टी, सायकलचा व्हॉल्व्ह आणि एक फुगा टेबलावर मांडा आणि मुलांना विचारा, की यांतले कुठले बिघडले तर रॉकेट पडेल. आणि वाचन प्रेरणाच द्यायची तर त्यांना अपयशाचा एखादा अहवाल सोप्या भाषेत वाचून दाखवा.

त्या अहवालासाठी फार मागे जायला नको. इस्रो सध्या रॉकेलसारखे शुद्ध इंधन आणि द्रव ऑक्सिजन यांवर चालणारे सेमी-क्रायोजेनिक इंजिन बनवत आहे, सुमारे 200 टन जोराचे. त्याला मंजुरी मिळाली 2008 मध्ये. 1 जुलै 2023 रोजी महेंद्रगिरीला त्याची अर्धवट जोडणीची चाचणी झाली. साडेचार सेकंद चालवायचे होते. दोन सेकंद होत नाहीत तोच टर्बाइनमधला दाब अचानक चढला आणि चाचणी थांबवावी लागली. मग पुन्हा टेबलावर, पुन्हा आकडे, पुन्हा जोडणी. 28 मार्च 2025 रोजी पुढची चाचणी घेतली. या वेळी ते अडीच सेकंद नीट चालले.